मावशीचा ‘व्हय’

तीन पुस्तकं झाली तरी माझ्या नायकाला कुणी हरवू शकलं नव्हतं, आणि चौथ्याच्या वेळी मला त्याचा मनापासून राग यायला लागला. जंगलखात्यातून निवृत्त झालेला, सहा फूट उंच, एकटा राहणारा माणूस. एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही. कुणी हाक मारली की धावून जातो, स्वतः मात्र कुणाची मदत घेत नाही. आणि दिलेला शब्द तर मोडतच नाही. हे सगळे गुण मीच त्याच्या अंगावर चढवले होते, पहिल्या पुस्तकात, नव्या सुनेला दागिने घालावेत तसे हौसेने. आता ते काही केल्या उतरत नव्हते.

संपादकांचा फोन आला. म्हणाले, “बाई, हा पडणार नाही हे वाचकाला तिसऱ्या पानावर कळतं. मग त्याने पुढची दोनशे पानं कशासाठी वाचायची? या वेळी त्याला पाडा.”

पाडा म्हणणं सोपं आहे. मी त्याच्यामागे बंदूकवाले लावले, शिकारी कुत्री सोडली, एकदा तर सरळ धरणाच्या भिंतीवरून ढकलून दिलं. प्रत्येक वेळी हा पठ्ठ्या विजार झटकत उभा. जितका मोठा खलनायक आणावा तितका हाच आणखी मोठा दिसायचा. भूगावातल्या माझ्या फ्लॅटच्या चहूबाजूंनी इमारती उठतायत, दिवसभर ड्रिलची घरघर, त्यात हा माणूस मरत नाही. शेवटी मी कागद गुंडाळले आणि मुळशीला मावशीकडे गेले.

मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. पौडच्या बाजारात माझ्या अब्बांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. विळे, पहारी, दोर, खिळे, कुलपं. मावशी दरवर्षी कापणीआधी विळा घ्यायला यायची, दुकानाच्या पायरीवर बसायची आणि चार विळे बोटाने वाजवून पाचवा घ्यायची. अब्बा तिच्यासाठी चांगला माल वेगळा काढून ठेवायचे आणि तरीही ती सगळे वाजवून बघायची. अब्बा गेले, दुकान गेलं, पण मावशी राहिली. आता साठी ओलांडलेली, नवरा नाही, मुलगा लवळ्याला कॉलेजपाशी कँटीन चालवतो आणि आठवड्यातून एकदा येतो. घरामागे तिने दोन खोल्या बांधल्यात, शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी. मधल्या वारी त्या रिकाम्या असतात. तेव्हा त्यातली एक माझी.

घराच्या खाली, धरणाकडे उतरणाऱ्या अंगाला तिचं अकरा गुंठ्यांचं खाचर आहे. भाताचं. त्याच्या मधोमध एक झरा आहे, जो मे महिन्यातसुद्धा आटत नाही. वरच्या उतारावरची भाऊबंदांची जमीन केव्हाच विकली गेली, तिथे आता कुणा बाहेरच्याची तार आहे. एवढे अकरा गुंठे तेवढे मावशीच्या नावावर आहेत आणि तिचं सगळं जग त्यात मावतं. भात तिथलं, पाणी तिथलं, आणि बांधाच्या बिळांतले खेकडेही तिथलेच.

गौरी-गणपती उरकले होते. श्रावणभर वर्ज्य असलेले खेकडे मावशीने पुन्हा धरायला घेतले होते. दुपारची उन्हं कलली की ती टोपली घेऊन बांधावर जायची. हत्यार काय, तर हातभर लांबीची एक बारीक काठी आणि तिच्या टोकाला दोऱ्याने बांधलेली गांडुळं. बिळाच्या तोंडाशी काठी हळूच हलवायची. आत खसखस होते. मग काठीला ओढ लागते. खेकड्याने आपल्या मोठ्या नांगीत, तिकडे तिला डेंगा म्हणतात, काठी धरलेली असते. इथून पुढे सगळं कसब. मावशी ओढतच नाही. ती नुसती काठी धरून बसते आणि इतक्या सावकाश मागे घेते, की खेकड्याला वाटावं तोच काठीला आत ओढतोय. असा ओढता ओढता तो पुरा बाहेर येतो. मग दुसऱ्या हाताने पाठीवरून पकड, की टोपलीत.

मी एकदा म्हटलं, द्या इकडे. काठीला ओढ लागली आणि मी हरखून हिसडा दिला. बाहेर आला तो नुसता डेंगा, काठीवर घट्ट मिटलेला. खेकडा नव्हता.

“गेला त्यो,” मावशी म्हणाली. “डेंगा टाकून गेला.”

“मेला असेल बिचारा.”

“मरतोय कशाचा! हितंच हाय आत. येतुया की परत डेंगा. पयल्यावानी न्हाई येत, बारका येतुया. पर येतुया.” आणि तिने तो डेंगा उचलून टोपलीत टाकला. रश्श्याला चालतो म्हणाली.

त्याच बांधावर बसून मी तिला माझ्या नायकाची गोष्ट सांगितली. मावशीला वाचता येत नाही, पण गोष्ट ऐकताना ती जे प्रश्न विचारते ते मला आजवर एकाही परीक्षकाने विचारलेले नाहीत. खलनायकात तिला काडीचा रस नव्हता. तिने नायकाचीच चौकशी सुरू केली.

“त्यो कुनाकडं जेवाय जातो का?”

“नाही. कुणाचं काही घेत नाही तो.”

“मंग त्येच्याकडं कोन येतं?”

“कुणीच नाही.”

“म्हंजी त्यो पडला तर चार दिस कुनाला कळायचं न्हाई.” हे तिने काठी हलवत, माझ्याकडे न बघता सांगितलं. “आन हाकेला धावतो म्हनलीस. मंग हाक मारनारा कुटं हुबा करायचा, येवढंच बघायचं ऱ्हायलं. त्यो आपल्या पायानं येतुया.”

मी वही काढली.

“चेहरा इसरत न्हाई ना? त्येला वळखीचा चेहरा दाखवायचा. आपल्या मानसावर त्यो शंका घ्यायचा न्हाई. आन शबूद मोडत न्हाई, तर मंग दोरी कशाला पायजे त्येला बांधाय? त्येच्याच तोंडनं येक शबूद काढून घ्यायचा, चार मानसांत. जोरात न्हाई. मागून. गरिबीनं. येकदा त्यो व्हय म्हनला, की त्यो सोताच सोताला बांधून घेईल, तुज्या त्या कुत्र्यांची गरज न्हाई.”

बोलता बोलता काठीला ओढ लागली आणि तिने एक काळाभोर खेकडा अगदी अलगद बाहेर काढला. मी तोंडात बोट घालायची बाकी होते. तीन पुस्तकं मी त्या माणसाच्या भोवती भिंती रचत होते आणि या बाईने एका खेकड्याएवढ्या वेळात त्या भिंतींनाच दारं आहेत हे दाखवलं. दोन वर्षं माझं घोडं जिथे अडलं होतं तिथून ती अनवाणी चालत पलीकडे गेली होती. मला तिचे पाय धरावेसे वाटले. खरंच वाटले.

“हे तुम्हाला कसं कळतं, मावशी?”

“चाळीस वर्सं धरतीया की खेकडं. ज्येचा डेंगा मोटा, त्यो आदी सापडतो. बारकं पिल्लू काठी धरतच न्हाई, पळून जातं.”

“मग तुमचा डेंगा कोणता?”

ती हसली. “माजा? मी येकदा व्हय म्हनलं की व्हय. आख्ख्या गावाला म्हाईत हाय.”

ते खरं होतं. एकदा शेजारीण बाळंतपणाला माहेरी निघाली आणि आपल्या दोन म्हशी पंधरा दिवस सांभाळशील का म्हणाली. मावशी व्हय म्हणाली. शेजारीण परत आली सव्वा वर्षाने. तोवर मावशीने रोज सकाळ-संध्याकाळ गवत कापून त्या म्हशी पोसल्या आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. गावात अजून कुणाचा व्यवहार पक्का झाला की म्हणतात, मावशीचा व्हय आहे, आता तलाठ्याचा शिक्का नसला तरी चालेल. तिला स्वतःच्या या गोष्टीचं हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. दोन्ही एकाच वेळी तिच्या तोंडावर दिसायचं.

मी भूगावला परतले ती हवेत तरंगतच. आठ दिवसांत चार प्रकरणं झाली. माझा खलनायक आता बारीक चणीचा, हात जोडून उभा राहणारा माणूस होता आणि मलाच त्याची भीती वाटत होती.

याच दिवसांत पार्किंगमध्ये ते गृहस्थ भेटले. आमच्याच सोसायटीत पलीकडच्या इमारतीत राहणारे, जमिनींच्या खरेदी-विक्रीचं काम करणारे. पांढरा शर्ट, मोकळं हसणं. माझी तिन्ही पुस्तकं त्यांनी वाचली होती, नुसती वाचली नव्हती तर त्यांना पात्रांची वाक्यं पाठ होती. लेखकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला याहून जास्त काही लागत नाही. “मॅडम, चौथं कधी? आणि या वेळी तरी तो हरणार का?” त्यांनी विचारलं, आणि मी त्यांच्या घरी चहाला जाऊन बसले.

सगळं सांगितलं. नायक कसा पडणार, का पडणार. ते म्हणाले, “वा! हे सुचलं कुठून?” तेव्हा मला मोठेपणा घ्यायचा नव्हता, प्रामाणिकपणा दाखवायचा होता, म्हणून मी मावशीचं सांगितलं. खेकडे, काठी, सावकाश मागे घेणं. वर म्हशींची गोष्टही सांगितली, अगदी रंगवून. म्हटलं, “त्या बाईसमोर कुणी कितीही मोठा माणूस जोर करू दे, ती ऐकणार नाही. पण गरिबीने मागितलं आणि चार माणसांत तिच्या तोंडून व्हय गेलं, की ती मरेपर्यंत मागे घेणार नाही.” त्यांच्या वृद्ध आई शेजारी सोफ्यावर बसून ऐकत होत्या. त्यांना म्हशींची गोष्ट फार आवडली.

“धरणाच्या उतारावरच्या का या?” गृहस्थांनी विचारलं. “झरा आहे तिथे?”

हो म्हटलं. यांना झरा कसा माहीत, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला माणसं वाचता येतात असं मी मुलाखतींत सांगते.

दिवाळी आठवड्यावर आली होती. लिहिलेली प्रकरणं मावशीला वाचून दाखवायची म्हणून मी मुळशीला गेले. भात पिवळं झालं होतं. आणि त्या पिवळ्यात, खाचराच्या बरोब्बर मधून, झऱ्याच्या दोन्ही अंगांनी, लाल फीत बांधलेल्या खुंट्यांच्या दोन रांगा गेल्या होत्या.

मावशी ओट्यावर बसली होती. मी विचारायच्या आधी तिनेच सांगितलं. नवरात्रात अष्टमीला देवळात बाया जमल्या होत्या. एक म्हातारी आली, सोबत मुलगा. वरच्या तारेतली जमीन त्यांनी घेतलीय म्हणाली. म्हातारीने मावशीची ओटी भरली, हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, बाई, खालच्या रस्त्यावरून माझ्या लेकाच्या जमिनीला वाट नाही, तुझ्या शेतातून वाट दे, पदर पसरते.

“मी व्हय म्हनलं,” मावशी म्हणाली.

कुणीही तेच म्हटलं असतं. इकडे शेताची वाट आणि पिण्याचं पाणी कुणी कुणाला नाकारत नाही, आणि वाट किती रुंद हे विचारायची तर पद्धतच नाही. बैलगाडी जाईल एवढी, हे ठरलेलंच असतं. पण चौथ्या दिवशी मोजणीवाला आला आणि त्याने तीस फूट मोजले. वर बंगल्यांचं प्लॉटिंग होणार होतं. तीस फुटांचा डांबरी रस्ता मधून गेला की झरा बुजला, आणि उरलेल्या दोन पट्ट्यांत भात सोडा, मिरच्यासुद्धा झाल्या नसत्या. मावशीने तीस फुटाला नाही म्हटलं, तर गावातली मोठी माणसं येऊन बसली. तुमचा शब्द आहे मावशी, आम्ही ऐकलाय. लवळ्याहून मुलगा आला, तोही म्हणाला, आई, तू बोलून बसलीस, आता मी काय बोलू? येत्या सोमवारी देवळासमोरच्या पारावर, त्याच माणसांच्या देखत, कागदावर अंगठा द्यायचा होता.

“कोण माणूस?” मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

“पांढऱ्या शर्टाचा. लई ग्वाड बोलतो.”

माझ्या पिशवीत तेच प्रकरण होतं. त्यात माझा बारीक चणीचा खलनायक देवळासमोर हात जोडून उभा होता. मी मावशीला सगळं सांगितलं. चहा, सोफा, म्हातारी, काठी. ती ऐकत राहिली.

“म्हशींचं बी सांगितलंस?”

“हो.”

तिने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. उठून तिने काठी घेतली आणि म्हणाली, “चल, कालवनाला कायतरी बघू.” आम्ही त्या खुंट्यांमधून बांधावर गेलो. ती बसली, काठी हलवली, आणि कितीतरी वेळ नुसतीच धरून बसली. मी रडत होते. तिने मला रडू दिलं.

त्याच संध्याकाळी मी भूगावला जाऊन त्या गृहस्थांचं दार वाजवलं. त्यांनी चहाच पुढे केला. म्हणाले, “मॅडम, मी खोटं बोललो का? धमकावलं का? मागितलं, त्यांनी दिलं. तुमच्याच पुस्तकात आहे की.” हे ते खरंच कौतुकाने म्हणत होते. आतल्या खोलीतून म्हातारी दारापर्यंत आली, माझ्याकडे बघितलं आणि परत गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या हुशारीची किळस आली.

रविवारी मी मावशीकडे परत गेले तेव्हा तोडगा घेऊन गेले होते. म्हटलं, मावशी, सांगा की मी बैलगाडीची वाट कबूल केली होती, तीस फूट नाही. शब्दही राहतो, जमीनही राहते. पारावरची माणसं मान्य करतील.

मावशी तांदूळ निवडत होती. “धा फूट का तीस फूट, ह्येच्यावर भांडत बसलं की त्यो जितला. कागदावर येक पाऊल आलं तरी उद्या त्येची गाडी येतीया, परवा डंपर येतुया. त्येला घाई न्हाई, पोरी. त्यो माज्यासारका हाय. सावकाश मागं घेनारा.”

“मग काय करणार?”

तिची बोटं तांदळात फिरत राहिली. खडा सापडला तो बाजूला टाकला.

सोमवारी सकाळी पारावर वीसेक माणसं होती. अष्टमीला देवळात असलेल्या बायाही आल्या होत्या. गृहस्थ पांढऱ्या शर्टात, हातात कागद आणि शाईचा डबा. त्यांची आई खुर्चीवर. मी कडेला उभी होते आणि आपल्याला तिथे उभं राहण्याचा हक्क आहे असं मलाच वाटत नव्हतं.

मावशी आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. गृहस्थांनी खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. “मावशी, तुमचा शब्द म्हणजे शब्द. सगळे साक्षीला आहेत.”

“व्हय,” मावशी म्हणाली. “शबूद दिला व्हता. ह्या सगळ्यांनी आयकलाय. मी खोटं म्हननार न्हाई.” तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं. “त्यो मी मोडतीया.”

एका म्हाताऱ्याने “आगं…” म्हणून तोंड उघडलं ते तसंच ठेवलं.

गृहस्थांचं हसणं अजून तोंडावर होतं, पण आता ते नुसतं तिथे राहून गेलेलं होतं. “मावशी, अहो, तुमच्या शब्दाला गावात…”

“म्हाईत हाय काय किंमत हाय त्याला. म्हनून तर तुमी त्योच धरला.” तिचा आवाज चढला नाही. “ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. घरी घेऊन जावा माजा शबूद. जमीन माज्याकडं ऱ्हाईल.”

आणि ती वळली. जाताना त्या खुर्चीवरच्या म्हातारीपाशी थांबली. “आजी, तुमी मागितलं, तुमचं काय चुकलं न्हाई. च्याला कवाबी या. बांधावरनं चालत या.” म्हातारीने मान खाली घातली.

मी आजवर शूर माणसं लिहिली आहेत. धरणावरून उडी मारणारी, गोळी झेलणारी. त्या सकाळी मला कळलं की मी शौर्य कधी पाहिलंच नव्हतं. गोळी झेलताना माझा नायक आणखी मोठा होत होता. ही बाई गावासमोर लहान झाली, जाणूनबुजून. चाळीस वर्षं जे एक जपलं, ज्याच्यावर तिचं नाव उभं होतं, ते तिने शत्रूच्या हातात तसंच सोडलं आणि उरलेलं सगळं घेऊन घरी गेली. मी तिच्यामागे घरापर्यंत गेले. घरी पोचल्यावर ती ओट्यावर बसली आणि पदराने डोळे पुसले. बराच वेळ पुसत होती. मग म्हणाली, “खुट्या उपटाय चल. भात कापायला आलंय.”

आम्ही खुंट्या उपटल्या. चुलीला चांगलं जळण झालं.

गृहस्थ मला आता लिफ्टमध्ये भेटतात. नमस्कार करतात, मी करत नाही. चौथं पुस्तक मी पहिल्यापासून पुन्हा लिहिलं. त्यात माझा नायक शेवटी चार माणसांत शब्द मोडतो आणि जिवंत घरी येतो. संपादक म्हणाले, वाचकांना हे रुचणार नाही, आपला माणूस असा कसा वागला म्हणतील. म्हटलं, म्हणू देत. त्यांनी म्हटलंच पाहिजे.

गावाने तर म्हटलंच. उघड कुणी काही बोललं नाही. पण मावशीचा व्हय आहे, हे वाक्य पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. भात झोडून झाल्यावर मी गेले होते तेव्हा तीच जुनी शेजारीण आली, म्हशीवाली. आता तिच्या मुलीचं बाळंतपण होतं, पंधरा दिवस जायचं होतं, दावणीला एकच म्हैस होती. म्हशीचं दावं धरून शेजारीण अंगणात उभी राहिली. “मावशे, बघशील का हिच्याकडं?”

“व्हय,” मावशी म्हणाली.

शेजारीण म्हैस खुंट्याला बांधायला वाकली, आणि बांधता बांधता थांबली. “नक्की ना गं?”

सव्वा वर्ष जिच्या म्हशी एका शब्दावर पोसल्या गेल्या, ती बाई विचारत होती. मी मावशीकडे बघू शकले नाही. मावशी म्हणाली, “नक्की.” हा शब्द तिला आयुष्यात कधी वापरावा लागला नसेल. शेजारीण निघाली, आणि वळणावर पोचल्यावर तिने एकदा मागे वळून म्हशीकडे पाहिलं.

“बघितलंस?” मावशी म्हणाली. मला वाटलं आता ती रडेल. पण ती त्या रिकाम्या वळणाकडे बघत होती आणि तिच्या ओठांवर बांधावरचं ते जुनं हसू होतं. “बारका हाय आजून. येईल.”

मग तिने कोनाड्यातला विळा घेतला, सवयीने बोटाने वाजवून पाहिला आणि म्हशीला गवत कापायला खाली उतरली.